लांब पल्ल्याच्या हायकर्सच्या मेळाव्याला कोणी गेलंय का? (अ‍ॅपलेशियन ट्रेल वगैरे)

पायपीट | ३ सप्टेंबर

मंडळी, सल्ला हवाय.

आमच्या हायकिंग ग्रुपमधले एक आजोबा गेल्या वर्षापासून माझ्या मागे लागलेत, की अमेरिकेच्या पूर्वेकडची अ‍ॅपलेशियन ट्रेल (‘एटी’) ही लांबलचक पायवाट आहे, तिच्यावर चालणाऱ्यांच्या मेळाव्याला एकदा येच. ‘अल्धा’ नावाची लांब पल्ल्याच्या हायकर्सची संघटना आहे, तिचा मेळावा ऑक्टोबरात कोलंबस डेच्या सुमाराला असतो. तंबू ठोकून राहायचं, दिवसभर कार्यशाळा, रात्री स्लाइड शो आणि गप्पा.

माझं घोडं अडतंय ते असं, की मी एटी तुकड्या-तुकड्यांनीच चाललेय. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातला बराचसा भाग आणि न्यू जर्सीतला थोडा, बास. तिथे जॉर्जिया ते मेन असे जवळपास २,२०० मैल एका दमात चालून आलेले लोक असणार. त्यांच्यात मी म्हणजे ‘हंसमध्ये बको यथा’. शिवाय एकटीच जाणार, आणि वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

दुसरा पर्याय म्हणजे मे महिन्यातला डमॅस्कस गावचा ‘ट्रेल डेज’ हा मेळा. दोन्हींत फरक काय?

नवऱ्याचं मत विचारलंत तर, “चालायचं सोडून चालण्यावर बोलायला माणसं जमतात, धन्य आहे.”

रानवारा | ३ सप्टेंबर

जा. त्यात विचारायचं काय?

खडूस | ३ सप्टेंबर

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. शहाणा माणूस आहे.

मी असल्या एका मेळ्याला जाऊन आलोय, कुठल्या ते विचारू नका. अर्धा वेळ कोणाच्या पाठपिशवीचं वजन किती यावर खल. टूथब्रशची दांडी कापून दोन ग्रॅम वाचवणारे गृहस्थ पोट मात्र दहा किलोचं पुढे घेऊन फिरत होते. उरलेल्या वेळात “मी गेलो होतो ना त्या वर्षी पाऊस बघायला हवा होतास”. डोंगर तिथेच आहे. बूट घाला आणि निघा. संमेलनं कशाला भरवायची?

तिरकस | ३ सप्टेंबर

खडूस, तुम्ही दिवसभर या संस्थळावर चालण्याबद्दल लिहिता, ते चालतं वाटतं? (दिवे घ्या)

गोगलगाय | ४ सप्टेंबर

ट्रेल डेजबद्दल मी सांगते, मी जाऊन आलेय.

डमॅस्कस हे व्हर्जिनियातलं हजारभरही वस्ती नसलेलं गाव. एटी त्याच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते, म्हणजे विजेच्या खांबांवर ट्रेलच्या पांढऱ्या खुणा. १९८७ पासून तिथे मेच्या मध्याला हा मेळा भरतो आणि गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं येतात. त्या वर्षी जॉर्जियाहून निघालेले हायकर्स साधारण त्याच सुमाराला व्हर्जिनियात पोचलेले असतात. जे पुढे गेलेत ते लिफ्ट मागत मागे येतात, जे मागे आहेत ते पुढे येतात, आणि मेळा संपला की ज्याने त्याने जिथे वाट सोडली तिथे परत जायचं.

शनिवारची मिरवणूक बघण्यासारखी असते. ज्या वर्षी चाललात त्या वर्षाच्या फलकामागे उभं राहायचं. जुनी वर्षं, नवी वर्षं, असे जथे. आणि दोन्ही बाजूंनी गावातली पोरं पाण्याच्या पिचकाऱ्या आणि फुगे घेऊन सज्ज. कोरडं कोणी सुटत नाही. सामान बनवणाऱ्या कंपन्या तंबू लावून बसतात, काही जण फाटलेल्या पिशव्या, मोडलेल्या काठ्या जागेवर दुरुस्त करून देतात.

पण झोप विसरा. टेंट सिटीत रात्रभर ढोल. तुम्हाला गर्दी, गाणी, धिंगाणा चालत असेल तर ट्रेल डेज. बसून चार शब्द बोलायचे असतील तर ऑक्टोबरातलं.

चिमणी_उडाली | ४ सप्टेंबर

वाचतेय. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी विचारते. हे थ्रू-हायकर म्हणजे सगळी वाट एका वर्षात संपवणारे ना? साधारण किती दिवस लागतात? आणि किती जण पुरी करतात?

गोगलगाय | ४ सप्टेंबर

@चिमणी, हो. बारा महिन्यांच्या आत पुरी वाट. बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात. जे निघतात त्यातला साधारण चौथा हिस्सा टोकाला पोचतो. दक्षिण टोक जॉर्जियातला स्प्रिंगर माउंटन, उत्तर टोक मेनमधला कटाडिन, मध्ये १४ राज्यं. एकट्या व्हर्जिनियात साडेपाचशे मैल. तिथे आल्यावर बऱ्याच जणांचा धीर खचतो, राज्य संपतच नाही. नवे सोबती आणि नवी उमेद मिळवायला डमॅस्कसचा मेळा अगदी वेळेवर येतो.

मुक्काम_पोस्ट | ४ सप्टेंबर

पायपीटताई, तुमच्या आजोबांचं ऐका. जरा सविस्तर लिहितो, कारण खडूस यांनी जे लिहिलंय ते अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं फार लवकर पसरतं.

मी चालणारा कमी आणि वाट राखणारा जास्त. इथल्या एका क्लबतर्फे एटीचा छोटासा तुकडा माझ्याकडे आहे. एटी ही सरकारने बांधून दिलेली वाट नव्हे. १९२१ मध्ये बेंटन मकाय या माणसाने कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट सलग झाली, आणि आजही तिची देखभाल ३० च्या आसपास क्लबांचे स्वयंसेवक करतात. जमीन बरीचशी सरकारी आहे, १९६८ च्या कायद्याने वाटेला राष्ट्रीय दर्जाही मिळाला. पण झाड पडलं की करवत घेऊन जाणारा माणूस बहुधा निवृत्त शिक्षक किंवा नर्स असतो. सगळ्यांचे मिळून वर्षाला २ लाखांच्या आसपास तास भरतात.

आता मेळाव्यात कोण येतं? थ्रू-हायकर येतातच. पण त्यांच्याबरोबर निवारे दुरुस्त करणारे, नकाशे आणि मार्गदर्शिका अद्ययावत ठेवणारे, हायकर्सना गाडीने सोडणारे, अंगणात झोपायला जागा देणारे, आणि निव्वळ हौसेचे असे सगळे येतात. सदस्य व्हायला दोन हजार मैल चालल्याचा दाखला लागत नाही, कोणीही होऊ शकतं. लांबून येताना वाटतं की इथे मैलांवर पत ठरत असेल. दोन तास बसलात की दिसेल, ज्याच्याकडे पाच मैलांचा तुकडा आहे त्याच्याभोवती जास्त घोळका असतो. दोन हजार मैलवाल्याने प्रत्येक जागा एकदा पाहिलेली असते. तुकडा राखणाऱ्याने एकच जागा बर्फात, पुरात, वणव्यानंतर पाहिलेली असते. पाण्याचा झरा ऑगस्टात आटतो का, हे त्यालाच विचारायचं.

आणि खडूस, “संमेलनं कशाला?” याला सरळ उत्तर आहे. १९२५ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला असंच एक संमेलन भरलं, तिथे अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्फरन्स स्थापन झाली. तेव्हा सलग वाट अस्तित्वातच नव्हती. आधी माणसं जमली, मग वाट झाली.

रानवारा | ४ सप्टेंबर

शेवटच्या परिच्छेदाला टाळ्या.

अनवाणी | ५ सप्टेंबर

आणि माणसं जमली की काय होतं तेही सांगा की. भांडणं!

मकाय हा स्वप्नाळू. त्याच्या मूळ योजनेत नुसती पायवाट नव्हती, डोंगरात वसाहती, कामाची शिबिरं असं बरंच काही होतं. मायरन एव्हरी हा खमक्या वकील, सायकलचं चाक ढकलत मैल मोजत जाणारा. वाट प्रत्यक्षात उतरवली ती एव्हरीने, आणि १९३६ मध्ये अख्खी वाट चालून झालेला पहिला माणूसही तोच, तीही तुकड्या-तुकड्यांनी. पायपीटताई, नोंद घ्या. मग शेनान्डोआत डोंगरमाथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा मोटाररस्ता आला. मकाय म्हणाला, रानातून रस्ता नको. एव्हरी म्हणाला, रस्ता होणारच, आपण वाट बाजूला सरकवू. दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

ज्या शेनान्डोआत ताई चालल्या तिथली वाट दर थोड्या वेळाने रस्ता ओलांडते, ती या मोटाररस्त्यामुळे.

तिरकस | ५ सप्टेंबर

म्हणजे संस्थापकांनी आधी संस्था काढली आणि मग एकमेकांशी बोलणं टाकलं. हे लोक मराठी असणार.

खडूस | ५ सप्टेंबर

@मुक्काम_पोस्ट, वाट राखणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट आदर आहे. माझं म्हणणं वेगळं होतं. मेळ्यातली उतरंड तुम्हाला दिसत नाही कारण तुम्ही तिच्यात वरच्या पायरीवर बसलाय. ज्याने प्रत्येक पांढरी खूण ओलांडली तो शुद्ध. ज्याने निळ्या खुणांची आडवाट धरली तो थोडा बाटलेला. ज्याने गाडीने मधला तुकडा गाळला तो चांडाळ. मी स्वतः दोन म्हाताऱ्यांना यावरून तावातावाने भांडताना पाहिलंय. वाट एवढी लांब, आणि मनं?

सॉक्सवाली | ५ सप्टेंबर

खडूस, ते भांडण मीही ऐकलंय. सगळीकडे असतं, थोडंसं. पण एक लक्षात घ्या, ट्रेल कॉन्झर्व्हन्सी (तीच १९२५ ची कॉन्फरन्स, आता या नावाने) ‘२,०००-मायलर’ ही मान्यता देते ती पूर्ण विश्वासावर. आपणच लिहून द्यायचं की मी सगळी वाट चालले. एका दमात चाललात की तीस वर्षांत, याचा त्यात फरक नाही. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना कोणी अधिकार दिलेला नाही, त्यांनी तो आपला आपणच घेतलाय.

पायपीटताई, एकटीने जाण्याबद्दल. मी गेलेय. पहिल्या संध्याकाळी अवघडल्यासारखं होतं, खोटं कशाला सांगू. सगळे एकमेकांना मिठ्या मारत असतात आणि आपण तंबूचे खुंटे पुन्हा-पुन्हा ठोकत बसतो. यावर माझा उपाय म्हणजे गेल्या-गेल्या काहीतरी काम मागायचं. नोंदणीच्या टेबलावर बसा, खुर्च्या मांडा, कॉफीची भांडी धुवा. हातात काम असलं की लोक आपणहून बोलायला येतात. माझं ट्रेलनेमही (वाटेवरचं टोपणनाव) तिथेच पडलं, सगळे मोजे दोरीवर वाळत घातले होते म्हणून. ही नावं दुसऱ्याने ठेवायची असतात. आपण स्वतः ‘डोंगरचा राजा’ वगैरे ठेवून गेलात तर हसतात.

तंबू कुठे लावायचा ते नीट बघा. लवकर झोपणाऱ्यांचा कोपरा बहुतेकदा वेगळा असतो. नसला तर वयस्कर माणसं जिथे आहेत तिथे लावा, ती नऊला झोपतात. घोरतात, ते वेगळं.

अनवाणी | ५ सप्टेंबर

वयाचं म्हणाल तर एमा गेटवुड. १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी एकटी चालली, पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली झोळी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. दोन वर्षांनी पुन्हा चालली. आणि १९४८ मध्ये पहिल्यांदा सलग चालून गेलेला अर्ल शेफर १९९८ मध्ये, ७९ व्या वर्षी, पुन्हा अख्खी वाट चालला. पन्नाशी म्हणजे तिथे बालवर्ग.

डॉक्टरीणबाई | ६ सप्टेंबर

जरा कंटाळवाणा पण गरजेचा प्रतिसाद.

लांबच्या वाटांवर आणि अशा मेळ्यांत नोरोव्हायरस पसरतो. उलट्या, जुलाब, आणि एकाला झाला की आख्ख्या तंबूगावाला. सगळ्यांच्या खिशात सॅनिटायझरची बाटली असते आणि या विषाणूवर नेमका त्याचाच फारसा उपयोग होत नाही. साबण आणि पाणी, तेही नीट चोळून. कोणी सुक्यामेव्याची पिशवी पुढे केली तर आत हात घालू नका, आपल्या ओंजळीत ओतायला सांगा. हायकर बॉक्समधलं, म्हणजे लोक नको असलेलं सामान ठेवून जातात त्या खोक्यातलं, सुटं अन्न घेऊ नका. बंद पाकीट चालेल.

आणि ऑक्टोबर हा शिकारीचा मोसम असतो. मेळाव्याच्या आसपास हायकिंगला जाणार असाल तर भडक केशरी जॅकेट किंवा टोपी घालाच.

कॅस्केडकर | ६ सप्टेंबर

सगळे पूर्वेचंच बोलताय, आम्ही पश्चिमेवाल्यांनी काय घोडं मारलंय?

इकडे पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल आहे, मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत २,६५० मैल. तिचा मेळा पीसीटी डेज, ऑगस्टमध्ये, ऑरेगनातल्या कॅस्केड लॉक्सला, कोलंबिया नदीच्या काठी. ‘ब्रिज ऑफ द गॉड्स’ हा पूल ओलांडला की वॉशिंग्टन राज्य. हा मेळा बराचसा सामानवाल्यांचा आणि सोडतींचा, त्यामुळे खडूस यांना तिथे नेऊ नये.

अल्धा-वेस्ट ही इकडची वेगळी संघटना. एटी, पीसीटी आणि काँटिनेंटल डिव्हाइड ट्रेल या तिन्ही पुऱ्या केलेल्यांना ‘ट्रिपल क्राउन’चा मान तीच देते. तिन्ही मिळून ८,००० मैलांच्या आसपास. मी तो सोहळा पाहिलाय. लोक मंचावर येतात, दोन वाक्यं बोलतात, खाली उतरतात. मला वाटलं होतं छाती फुगवून येतील. बहुतेक जण मंचावर कुठे उभं राहायचं यातच गोंधळलेले होते. वर्षानुवर्षं झाडांशी बोलल्यावर माइक समोर आला की होतं तसं.

चिमणी_उडाली | ६ सप्टेंबर

८,००० मैल!! आणि मला पार्किंग लांब मिळालं की राग येतो.

खडूस | ७ सप्टेंबर

ट्रेल मॅजिकबद्दलही कोणीतरी बोला. वाटेत शीतपेट्या ठेवून जातात, कॅन भरून. याला म्हणे जादू. दुसऱ्या दिवशी तिथे कचरा आणि अस्वल.

मुक्काम_पोस्ट | ७ सप्टेंबर

इथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि हे मी नोंदवून ठेवतो कारण पुन्हा असं होईल असं वाटत नाही.

बेवारस पेटी ठेवू नका असंच संघटनाही सांगतात. प्यायला द्यायचंय ना? मग स्वतः तिथे बसा, आणि निघताना कचरा गोळा करून न्या. नाहीतर दोन तास वाटेवर काम करा, त्यासारखी जादू नाही. मेळाव्यात यावर दरवेळी चर्चा होते. तशीच गावांतल्या वागणुकीवर. अल्धाची एक जुनी मोहीमच आहे की हॉस्टेलवाले, गाडीने सोडणारे, चर्चच्या तळघरात झोपू देणारे यांच्याशी नीट वागा, नाहीतर ते दार बंद करतील आणि मागून येणाऱ्यांची पंचाईत होईल.

गोगलगाय | ७ सप्टेंबर

हे फार खरंय. चार टवाळांनी खोली घाण केली की त्या गावात सगळ्या हायकर्सना खोली मिळणं बंद. आणि ते टवाळ तोवर दोनशे मैल पुढे गेलेले असतात.

रच्याकने, डमॅस्कसचं एक राहिलं. २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळाने तिथे पूर आला. व्हर्जिनिया क्रीपर या सायकलवाटेचा डमॅस्कसच्या वरचा तुकडा पुलांसकट वाहून गेला, एटीवर दक्षिणेकडे झाडांचा खच पडला. पुढच्या मेमध्ये मेळा भरवायचा की नाही, यावर आमच्या गटात बराच वाद झाला. मेळा झाला. माझ्या ओळखीचे काही जण पिचकाऱ्या घेऊन नाही, हातमोजे घेऊन गेले होते.

पायपीट | ८ सप्टेंबर

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. नोंदणी केली. नवरा म्हणाला, “पायाला विश्रांती मिळेल तेवढीच.” बघू.

मुक्काम_पोस्ट, कामाच्या सत्रात नाव घालायचं का? मला कुऱ्हाड धरता येत नाही.

मुक्काम_पोस्ट | ८ सप्टेंबर

घालाच. कुऱ्हाड कोणी पहिल्या दिवशी देतही नाही.

पायपीट | १६ ऑक्टोबर

जाऊन आले! वृत्तांत लिहायचा शब्द दिला नव्हता, तरी लिहिते.

आधी न आवडलेलं. शनिवारी सकाळी संघटनेची वार्षिक सभा होती, ठराव, अनुमोदन, निवडणूक. वार्षिक सभा कुठल्याही देशात झोपच आणतात. एका गृहस्थांचा स्लाइड शो इतका लांबला की ते वाटेत आहेत की आम्ही, असा प्रश्न पडला. आणि खडूस म्हणतात ती पिशवीच्या वजनाची चर्चा आहेच. एका मुलाने माझी पिशवी हातात घेऊन “हं” केलं. त्या “हं”मध्ये बरंच काही होतं.

पण कोणीही “तू किती मैल चाललीस?” असं विचारलं नाही. विचारलं ते “कुठे चाललीस?” मी न्यू जर्सी म्हटल्यावर एक बाई एकदम माझ्याकडे सरकल्या. तिथला एक दलदलीतला फळ्यांचा रस्ता त्यांना आठवत होता आणि आता त्याची अवस्था कशी आहे ते त्यांना हवं होतं. मी त्याचे फोटो काढले होते, फळ्या बऱ्या दिसतात म्हणून. त्या फोटोंवर तीन जणांनी पंधरा मिनिटं काथ्याकूट केला. कुठली फळी कुजतेय, कुठला खिळा वर आलाय. मला त्या फोटोत नुसतं गवत आणि आकाश दिसलं होतं.

आता काम. रविवारी सकाळी आम्हा काही जणांना जवळच्या एका वाटेवर नेलं. पाणी वळवणारे आडवे दगड असतात ना, वाटेला तिरके बसवलेले, त्यांच्या मागचा गाळ आणि पाला उपसायचा. सोपं वाटतं. पण आमच्या म्होरक्या बाईंनी बाटलीतलं पाणी वाटेवर ओतून दाखवलं. जिथे दगडामागे गाळ भरलाय तिथे पाणी दगडावरून उडी मारून सरळ वाटेवरून खाली. उपसलेल्या जागी तेच पाणी वळून उताराला रानात गेलं. एका पावसाळ्यात वाटेचा ओढा का होतो ते तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी अशा दगडांवरून ते पायऱ्या आहेत असं समजून चढत आले, आणि बाई म्हणाल्या सगळेच तसं समजतात.

मग फांद्या छाटणं. वाट चार फूट रुंद आणि आठ फूट उंच मोकळी हवी. आठ फूट कशाला म्हणून एकाने विचारलं, तर पाठीवरची उंच पिशवी, आणि पावसाने किंवा बर्फाने वाकलेली फांदी, दोन्हींचा हिशेब त्यात आहे. फांदी अर्धवट तोडून खुंट ठेवायचा नाही, बुंध्याजवळ कापायची आणि वाटेवरून दिसणार नाही अशी टाकायची. काम झाल्यावर कोणी काम केलंय असं वाटता कामा नये.

शेवटी करवत! रानाचा जो भाग कायद्याने ‘विल्डरनेस’ ठरवलाय तिथे मोटारीची अवजारं चालत नाहीत, १९६४ चा कायदा आहे. म्हणून तिथे पडलेली झाडं दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापतात. जंगलात ती चालवायला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं, आम्हाला फक्त आवारातल्या एका ओंडक्यावर हात मारू दिला. नियम एकच, आपण फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं. समोरचा ओढेल तेव्हा आपण हात सैल सोडायचा. खाच मिटायला लागली की वरून पाचर ठोकायची. मला जोडीदार म्हणून ज्या आजींबरोबर उभं केलं त्या वयाने माझ्या आईएवढ्या. दहा मिनिटांत मी घामाघूम आणि त्या गप्पा मारतायत.

नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला फोनवर दिलं: चालण्यावर कोणी फारसं बोललंच नाही, सगळे पाणी, लाकूड आणि दगड यावर बोलत होते.

सॉक्सवाली | १६ ऑक्टोबर

मस्त वृत्तांत!! नाव पडलं का?

पायपीट | १६ ऑक्टोबर

पडलं. सांगणार नाही. त्या “हं”शी त्याचा संबंध आहे.

तिरकस | १६ ऑक्टोबर

फक्त ओढायचं, ढकलायचं नाही, आणि समोरचा ओढत असताना हात सैल सोडायचा. ही करवत लग्नाआधी सक्तीची करावी.

खडूस | १७ ऑक्टोबर

वृत्तांत वाचला. दगड उपसायचा भाग दोनदा वाचला. पिशव्यांच्या गप्पांबद्दलचं मत कायम आहे.

त्या कामाच्या सत्राला मेळाव्याची नोंदणी लागते का, की थेट क्लबकडे जाता येतं? कुतूहल म्हणून विचारतोय.

रानवारा | १७ ऑक्टोबर

आहाहा. कुतूहल!

मुक्काम_पोस्ट | १७ ऑक्टोबर

@खडूस, थेट जाता येतं. तुमच्या जवळचा क्लब शोधा, बहुतेक क्लबांचे महिन्यातले कामाचे दिवस ठरलेले असतात, अनुभव नसला तरी चालतो. आठवडाभर जायचं असेल तर ट्रेल कॉन्झर्व्हन्सीचे कामाचे गट आहेत, व्हर्जिनियातला कोनारॉक गट १९८३ पासून चालू आहे. राहणं-जेवण ते बघतात, तुम्ही पहार मारायची. तिथे मोठे दगड हलवतात, तेव्हा कमरेचा विचार करून जा.

खडूस | १७ ऑक्टोबर

कंबर उत्तम आहे. अवजारं आपली न्यायची का?

मुक्काम_पोस्ट | १७ ऑक्टोबर

नको, सगळी क्लबची असतात. हातमोजे, जाड बूट आणि पाणी आपलं. हेल्मेट लागलं तर तिथे देतील.

डॉक्टरीणबाई | १७ ऑक्टोबर

आणि साबण.